कूलर थांबतो तेव्हा: एका लेआउटमधला डेंग्यूचा पावसाळा

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण नागपुरातल्या एका लेआउटचं आहे. मी तिथेच राहतो. नागरिक मंडळाचा सचिव आहे आणि पोटापाण्यासाठी एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. लेआउटचं, झोनचं किंवा माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. आकडे मंडळाच्या वहीतले आहेत. ती वही मीच लिहायचो, त्यामुळे तिच्यात चूक असेल तर ती माझी.

शेताचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट आणि पुढे गुंठेवारीत नियमित झालेली घरं, अशी ही वस्ती. एकूण 146 घरं. बहुतेक घरांवर एक मजला चढलेला. वर घरमालक, खाली एक-दोन खोल्यांत भाडेकरू. नळ सकाळी तासभर येतो, म्हणून अंगणात निळे ड्रम आणि गच्चीवर काळी टाकी. मधोमध समाजमंदिर, त्याच्यामागे कडुनिंब, आणि उत्तरेच्या टोकाला तीन रिकामे प्लॉट. मोकळी जागा नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची) की महापालिकेची, यावर आमच्या चहाटपरीवर अर्धा तास सहज निघतो. 2024 च्या पावसाळ्यात वॉर्डात नगरसेवकही नव्हते, कारण मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. पूर्वी नगरसेवकाला एक फोन केला की काम मार्गी लागायचं, निदान तसं वाटायचं. ती सवय मोडलेली आणि नवी लागलेली नाही, असा तो काळ.

आता कूलर. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, आणि 25 मेपासून नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस. आमच्याकडे ज्याच्या घरात सोफा नाही त्याच्याही खिडकीत कूलर असतो. मार्चअखेर ताट्यावाले सायकलवर फिरू लागतात, कूलरच्या बाजूंच्या जुन्या ताट्या, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या गवती जाळ्या, काढून नव्या बसवून देतात. लोखंडी टब, त्यात साठ-ऐंशी लिटर पाणी, खिडकीबाहेर स्टँडवर चढवलेला. जूनच्या मध्यावर पाऊस आला की कूलरची हवा चिकट लागायला लागते आणि बटन बंद होतं. टबातलं पाणी तसंच राहतं. कोणी वरून ताडपत्री टाकतं, तेवढ्यावर त्याचं काम झालं.

त्या उन्हाळ्यात मंडळाने पाणपोईही लावली होती. कडुनिंबाखाली सहा रांजण, लाल कापड, उद्घाटनाला कैरीचं पन्हं आणि भरपूर फोटो. 14 जूनला पाणपोई बंद झाली. बंद करायला कोणी नव्हतं. दोन पोट्ट्यांनी रांजण ढकलत समाजमंदिराच्या मागे नेले आणि ते मॅच बघायला गेले. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

अडचण

8 जुलैला पहिला ताप आला. डोळ्यांमागे दुखणं, अंग मोडून येणं, दोन दिवसांनी पुरळ. 20 जुलैपर्यंत माझ्या वहीत नऊ नावं झाली होती. त्यातला एक दहावीचा मुलगा. पाचव्या दिवशी त्याचा ताप उतरला, आईने देवापुढे दिवा लावला, मुलाला खिचडी दिली, आणि त्याच संध्याकाळी त्याचं पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. डेंग्यूत हीच वेळ घात करते. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत जोखमीचे असतात, कारण तेव्हा रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं. प्लेटलेट किती याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पोट दुखतंय आणि लघवी कमी होतेय याच्याकडे कोणाचं नसतं. त्याला भरती केलं, दोन रात्री आयसीयूत काढल्या, आठव्या दिवशी घरी आला. पपईच्या पानांचा रस मात्र त्या आठवड्यात लेआउटमधल्या प्रत्येक मिक्सरमधून निघाला.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मागणी होती: धूर मारा.

मी 12 जुलैला झोनमध्ये, म्हणजे महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, अर्ज दिला. तिथे कळलं की त्यांच्या नोंदीत आमच्या लेआउटमध्ये डेंग्यूचा एकही रुग्ण नाही. आम्ही भडकलो. पण त्यामागचं कारण समजून घ्यायला मला तीन आठवडे लागले. आमच्या सगळ्यांच्या तपासण्या खासगी लॅबमध्ये रॅपिड किटवर झालेल्या होत्या. सरकारी नोंदीत पक्का डेंग्यू धरायचा तर प्रयोगशाळेतली एलायझा ही रक्तचाचणी लागते: पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 (विषाणूचं प्रथिन), त्यानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं). किटवरचा रुग्ण संशयितांत मोजतात, तोही कोणी कळवला तर. कळवणं खासगी डॉक्टरांचं काम आहे, पण ज्या दवाखान्यात बाहेर व्हरांड्यापर्यंत रांग लागलीय तिथला कंपाउंडर फॉर्म भरत बसत नाही. रुग्ण नोंदला गेला तरच आजूबाजूच्या घरांचं सर्वेक्षण आणि घरात औषधफवारणी होते. आमची नऊ माणसं तापाने फणफणत होती आणि कागदावर आमचा लेआउट ठणठणीत होता.

भरीला त्या वर्षी शहरभर चिकनगुनियाची मोठी साथ होती. डास तोच, एडिस इजिप्ती. ज्यांचे सांधे महिना-महिना धरले त्यांना नक्की कोणता ताप होता, हे आमच्या वहीला कधीच कळलं नाही.

19 जुलैला धूर आला. संध्याकाळी साडेसहाला मशीन खांद्यावर घेऊन एक माणूस रस्त्याने गेला, मागे लहान पोरं पळत. मोठ्या माणसांनी काय केलं? दारं-खिडक्या लावून घेतल्या, वास येतो म्हणून. एडिस घरात राहतो, पडद्यामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत, आणि चावतो दिवसा. आम्ही त्याला आत कोंडून घेतलं आणि रस्त्याला धूर दिला. ग्रुपवर सत्तावीस जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं.

पुढच्या दहा दिवसांत आणखी सात ताप.

समोर असलेले पर्याय

जुलैच्या शेवटी मंडळाची बैठक झाली, समाजमंदिरात, सतरंजीवर. तेव्हा आमच्यापुढे चार वाटा होत्या, पण त्या आज जशा दिसतात तशा तेव्हा दिसत नव्हत्या.

सर्वांत लोकप्रिय वाट पुन्हा धुराची होती. पंधरा दिवसांनी नाही, दर आठवड्याला. नाही आले तर झोनवर मोर्चा. तिच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच की धूर दिसतो. उडते डास त्याने काही वेळ कमी होतात हेही खरं. पण अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत सात-दहा दिवस लागतात, आणि धुराने अळी मरत नाही. धुराची गाडी गल्लीबाहेर पडेपर्यंत कोणाच्या तरी टबात पुढची पिढी तयार होत असते.

दुसरी वाट रिकाम्या प्लॉटांची. तिथे गाजरगवत कमरेएवढं, पाणी साचलेलं, थर्माकोलचे ग्लास, नारळाच्या करवंट्या, दोन टायर. मालक पुण्यात. या वाटेची गंमत अशी की तिच्यावर सगळ्यांचं एकमत होतं. शत्रू लेआउटबाहेरचा, त्यामुळे कोणाच्या घरात डोकवावं लागत नव्हतं.

तिसरी वाट आशाताईंनी, म्हणजे आमच्या भागातल्या आशा स्वयंसेविकेने, सुचवली, तीही बैठक संपता संपता, चप्पल घालताना. "धूर काय, येईल नं भाऊ. पण कूलर पाहिले का तुमी कोणी?" एकजण म्हणाला, कूलर तर जूनपासून बंद आहेत. ताई म्हणाल्या, "बंद आहे म्हणजे रिकामा आहे का जी?" त्यांचं म्हणणं, घराघरात जाऊन पाणी तपासा, अळ्या दिसल्या की भांडं रिकामं करा, आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी कोरडा पाळा.

चौथी वाट झोनमधल्या एका निरीक्षकाने सांगितली होती: ज्यांच्याकडे अळ्या सापडतील त्यांची यादी द्या, नोटीस काढू. ही वाट आम्ही लगेच नाकारली, आणि नंतर वेगळ्याच वेशात स्वतःच चाललो.

आम्ही दुसरी वाट निवडली. माझं मतही त्याच बाजूने पडलं.

काय केलं

पुढचे बारा दिवस प्लॉटमागे गेले. मालमत्ता कराच्या नोंदीवरून मालकाचं नाव मिळालं, एका नातेवाइकाकडून फोन नंबर मिळाला, अर्ज झाले, मालकाचा "बघतो, सांगतो" झाला. शेवटी मंडळाने वर्गणी काढून जेसीबी लावला. करवंट्या आणि टायरांत अळ्या होत्या, त्यामुळे काम वाया गेलं असं म्हणणार नाही. पण ज्या डबक्यावर सगळ्यांचा राग होता, त्या गढूळ पाण्यात बहुतेक क्युलेक्स होता. रात्री कानाशी गुणगुणणारा तो हाच. एडिसला भांड्यातलं, टाकीतलं, तुलनेने स्वच्छ पाणी लागतं, आणि तो जन्मला तिथून फार लांब जात नाही, साधारण शे-दोनशे मीटरच्या आत फिरतो. आजारी घरं लेआउटच्या दक्षिण गल्लीत जास्त होती, प्लॉट उत्तर टोकाला. वहीत घरांचे क्रमांक होते, नकाशा माझ्या डोक्यात होता. दोन्ही जुळवून पाहायला पाच मिनिटं लागली असती.

11 ऑगस्टच्या रविवारी आम्ही शेवटी आशाताईंचं ऐकलं. त्या, मी, मंडळाचे चार तरुण आणि झोनकडून आलेला एक फवारणी कर्मचारी. 146 पैकी 61 घरं उघडली. 17 घरांत अळ्या, एकूण 23 भांड्यांत. म्हणजे शंभर घरांमागे 28 घरं, आणि शंभर घरांमागे 38 भांडी. या हिशोबांना घर निर्देशांक आणि ब्रेटो निर्देशांक म्हणतात. ते मोठं नाव त्या फवारणीवाल्या भाऊंनी पाठीवरचा पंप खाली न ठेवता मला समजावून सांगितलं. त्या 23 पैकी कूलर 11. बाकी चार ड्रम, पाच पक्ष्यांची भांडी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या, आणि तीन फ्रिजच्या मागचे ट्रे. फ्रिजला मागे ट्रे असतो हे निम्म्या घरांना त्या दिवशी कळलं.

पहिला कूलर मला अजून आठवतो. दक्षिण गल्लीतलं घर, खिडकीला जाळी, जाळीबाहेर कूलर. आतून टब दिसत नाही आणि बाहेरून हात पोचत नाही. बूच मागच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून, जमिनीपासून नऊ-दहा फुटांवर. शिडी आणली. पोट्ट्याने ताडपत्री उचलून मोबाइलचा टॉर्च मारला आणि आधी काहीच दिसलं नाही, नुसतं तांबूस पाणी. मग उजेड पडला तसं सगळं पाणी हललं. पृष्ठभागाला शेपटीने लटकलेल्या अळ्या वाकड्या होत-होत खाली निघाल्या, शेकडो. बूच गंजून टबाशी एकजीव झालं होतं. पाना लावला तर वळलं नाही, मोडलं. पाणी मगाने उपसावं लागलं. टबाच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बोट फिरवल्यावर कोळशाच्या भुकटीसारखं काही लागलं. ती अंडी. फवारणीवाले भाऊ म्हणाले, नुसतं पाणी फेकून भागत नाही. ही अंडी कोरड्या टबाला महिनोन्‌महिने चिकटून राहतात, पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरलं की फुटतात. काथ्याने घासावं लागतं. जुन्या ताट्याही माळ्यावर ठेवायच्या नाहीत.

इथवर ठीक. त्याच रात्री मी घोटाळा केला.

17 घरांचे क्रमांक, कुटुंबप्रमुखाच्या नावासह, मी ग्रुपवर टाकले. उद्देश चांगला होता, शेजाऱ्यांनी आठवण करावी. अर्ध्या तासात ग्रुपचं कोर्ट झालं. "यांच्यामुळे माझ्या पोराला सलाईन लागली." यादीत शिवणकाम करणाऱ्या एक काकू होत्या, भाडेकरू, तळमजल्यावर. अळ्या सापडल्या होत्या गच्चीवरच्या ड्रममध्ये. गच्चीला कुलूप घरमालकाचं, ड्रम घरमालकाचा, आणि दार उघडलं काकूंनी, म्हणून माझ्या वहीत नाव काकूंचं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे ब्लाउज टाकायला येणाऱ्या दोघीजणी परत गेल्या. मी माफी मागायला गेलो तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं नाही. "नाव तर टाकलं नं काकाजी ग्रुपवर. आता कायले येता?"

यादी मी काढून टाकली, पण स्क्रीनशॉट काढून झालेले होते. पुढच्या रविवारी, 18 ऑगस्टला, 61 ऐवजी 34 दारं उघडली. दारांआड टीव्हीचा आवाज येत होता.

20 तारखेच्या बैठकीत आशाताई पहिल्यांदा सतरंजीच्या मधोमध बसल्या आणि त्यांनी तीन गोष्टी ठरवून टाकल्या. एक, घरात जाणाऱ्या जोडीत एक बाई त्याच गल्लीतली हवी. दुपारी एकटी असलेली सून अनोळखी चार पोट्ट्यांना गच्चीवर सोडणार नाही, आणि का सोडावं. दोन, वहीत नाव नाही, फक्त भांडं: "कूलर, दक्षिण गल्ली". तीन, अळ्या सापडल्या तर सांगून निघायचं नाही, तिथल्या तिथे टब उपसून, घासून द्यायचा. चौथी गोष्ट त्यांनी माझ्याकडे बघत विचारली. समाजमंदिराच्या मागे कोणी गेलं होतं का?

सहा रांजणांपैकी चारांत अळ्या होत्या. कडुनिंबाची पानं पडून पाणी चहासारखं झालेलं. दक्षिण गल्ली तिथून चाळीस पावलांवर. दहावीच्या त्या मुलाच्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला उघडते, आणि त्या खिडकीतून ते रांजण दिसतात.

ताप तिथूनच पसरला असं सिद्ध करता येणार नाही. अकरा कूलरही होतेच. पण त्या मुलाच्या वडिलांना ही गोष्ट मंडळानेच सांगायची की नाही, यावर आम्ही तासभर बसलो. न सांगण्याची कारणं सगळी व्यवहाराची होती: मंडळ फुटेल, पुढे पाणपोईला कोणी पैसे देणार नाही. शेवटी अध्यक्ष आणि मी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "रांजण उचलायला कोण येऊन राहिलं?" आणि स्वतः आले.

त्या रांजणातल्या पाण्याची एक बरणी मी शाळेत नेली, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून. अळ्यांचे कोश होतात, स्वल्पविरामासारखे गुबगुबीत, आणि मग एका सकाळी जाळीला आतून डास टेकलेले. पायांवर पांढरे पट्टे. ती बरणी मी समाजमंदिरात टेबलावर ठेवली, शेजारी भिंग. खाली चिठ्ठी: ही अळी मंडळाच्या रांजणातली आहे. पत्रकं, पोस्टर, लाउडस्पीकरची रिक्षा यांनी जे झालं नव्हतं ते बरणीने केलं. बायका पोरांना घेऊन बघायला आल्या, भिंग हातोहात फिरलं. शिवणकामवाल्या काकूही आल्या. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

25 ऑगस्टपासून पाच रविवार कोरडा दिवस पाळला. सकाळी दहाला समाजमंदिराची घंटा, मग ड्रम, टाक्या, टब. ज्या साठ्याचं पाणी ओतता येत नाही आणि पिण्याचंही नाही, तिथे झोनकडून टेमिफॉस हे अळीनाशक. सार्वजनिक विहिरीत गप्पी मासे सोडले, तेही महापालिकेने फुकट दिले. त्याच आठवड्यात आमच्याच एका उत्साही सदस्याने विहिरीत ब्लिचिंग पावडरची अख्खी पिशवी रिकामी केली आणि मासे उलटे तरंगायला लागले. दुसऱ्यांदा मासे मागायला मी गेलो नाही, आशाताईंना पाठवलं.

मधे पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे वाईटाच्या पुतळ्यांची मिरवणूक. 1881 पासून हे शहर रोगराईला काळ्या मारबतीच्या मागे ओरडत गावाबाहेर नेतं: इडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत! आमच्या पोरांनी डासाचा बडग्या, म्हणजे मिरवणुकीतला पुतळा, केला, हातात फॉगिंग मशीन दिलेला डास. मला तो फार आवडला.

त्याच दिवसांत रक्ताचे नमुनेही सरळ झाले. एका खासगी डॉक्टरांशी बोलून ठरवलं की किटवर संशयित निघालेल्याचा दुसरा नमुना सरकारी प्रयोगशाळेत जाईल. ने-आण मंडळ करेल. पहिला एलायझा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पथक आजूबाजूच्या घरांत आलं आणि घराच्या आत, पडद्यामागे, फवारणी झाली. जुलैत जे आम्ही भांडून मागत होतो ते एका कागदाने आलं.

निष्पत्ती

ऑक्टोबरअखेर वहीत एकूण 31 ताप. चार जण भरती झाले, सगळे घरी परतले. एलायझावर डेंग्यू ठरलेले तीन, चिकनगुनिया दोन. बाकी सव्वीस कशाचे, ते सांगता येत नाही. सप्टेंबरच्या मध्यानंतर नवे ताप जवळपास थांबले. हे आमच्यामुळे असं म्हणायचा मोह झाला होता, स्मरणिकेत तसं वाक्यही लिहून झालं होतं. पण ऑक्टोबरकडे सगळ्या शहरातच ताप ओसरतो. शेवटच्या कोरड्या रविवारी मात्र 103 घरं उघडली आणि अळ्या सहा भांड्यांत निघाल्या. हा आकडा आमचा आहे, हवामानाचा नाही.

खरा बदल जून 2025 मध्ये झाला. कूलर बसवायला माणूस घरी येतो, काढायला कोणी येत नाही. म्हणून मंडळाने एका कूलर मिस्त्रीला आणि दोन पोट्ट्यांना शिडीसह नऊ दिवस बांधून घेतलं: 21 ते 29 जून, घरामागे साठ रुपये, ज्याला जमत नाही त्याचे मंडळ देणार. बूच काढायचं, टब घासायचा, ताट्या नेऊन टाकायच्या, टब पालथा करून किंवा उघडा कोरडा ठेवायचा. 88 घरांनी करून घेतलं. काहींनी साठ रुपये जास्त वाटतात म्हणून स्वतः केलं, काहींनी दोन्ही केलं नाही. मिस्त्रीने 88 पैकी 30 टबांचं बूच बदलून प्लॅस्टिकचं लावलं, कारण लोखंडाचं हलतच नव्हतं. त्या पावसाळ्यात वहीत सहा ताप.

पाणपोई 2025 लाही लागली. तिच्या पावतीबुकावर या वेळी दोन तारखा छापल्या, सुरू करण्याची आणि रांजण पालथे घालण्याची, आणि दुसऱ्या तारखेसमोर एका माणसाचं नाव.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, धुराच्या अर्जाआधी मी तापांच्या घरांवर नकाशात टिंबं दिली असती. साधा कागद, हाताने काढलेला. दक्षिण गल्ली तिथेच दिसली असती आणि प्लॉटचे बारा दिवस वाचले असते. एकमत झालं की मला आता जरा शंकाच येते. प्लॉटवर आमचं एकमत फार पटकन झालं होतं.

पहिल्याच आठवड्यात एखाद्या रुग्णाचा नमुना एलायझाला पाठवायला हवा होता. "नोंदच नाही" यावर आम्ही संतापलो, पण नोंद कशी होते हे विचारलं नाही. झोनमधल्या ज्या बाईंनी मला शेवटी हे समजावलं, त्या पहिल्या दिवशीही त्याच टेबलावर बसल्या होत्या.

यादीबद्दल काही सांगायचं उरलं नाही. काकू मंडळाच्या जोडीत दक्षिण गल्ली घेतात आता, पण ग्रुपवर त्या परत आल्या नाहीत.

भाडेकरू आणि गच्ची, हा प्रश्न सुटलेला नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे तो रविवारी गावी असतो, आणि ज्याला डास चावतो त्याला वर जाता येत नाही. 2025 मध्ये आम्ही घरमालकांना एक किल्ली शेजाऱ्याकडे ठेवायला सांगितलं. अकरा जणांनी ठेवली. नोटिशीचा धाक इथे उपयोगी पडला असता का, यावर मंडळात दोन मतं आहेत. अध्यक्ष हो म्हणतात. मला वाटतं, एका घरमालकाला नोटीस गेली की बाकीचे किल्ली ठेवतील, पण आशाताईंना दार उघडणार नाहीत. खात्री मलाही नाही.

ताप उतरल्यानंतरच्या दोन दिवसांत काय बघायचं (सततच्या उलट्या, पोटदुखी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, सुस्ती), आणि तापात अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन न घेता पॅरासिटामॉलच घ्यायचं, हे दोन मुद्दे आम्ही ऑगस्टच्या शेवटी कुठे कागदावर छापून वाटले. ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वाटायला हवे होते. दहावीच्या मुलाची आई अजूनही खिचडीचं बोलते.

या वर्षीच्या मिस्त्रीशी बोलणं झालंय. दर वाढवून ऐंशी मागतोय, कारण दोन शिड्या लागतात म्हणे. दक्षिण गल्लीतल्या त्या पहिल्या घराचा कूलर अजून तिथेच आहे, जाळीबाहेर, बूच रस्त्याकडे. त्यांनी टबाला खालून प्लॅस्टिकची नळी जोडून ती खिडकीतून आत घेतली आहे. तोटी स्वयंपाकघराच्या ओट्याशी निघते, आणि ते पाणी मोरीत जातं.